टोपलीवरचं कापड

हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीत लिलाव करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं होतं. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीन निघालं, तुरी फुलावर आल्या की एका रविवारी देवाचे आभार मानायला लोक शेतातलं, परसातलं आणि काहीच नसेल तर बाजारातलं काहीतरी घेऊन चर्चमध्ये येतात. हिमायतनगरकडच्या सोयऱ्यांकडून ऊस येतो, केळीचे घड येतात, पाय बांधलेली एखादी कोंबडी सगळी उपासनाभर कुरकुरत असते. उपदेश संपला की मेजापुढं मांडलेल्या ह्या सगळ्याचा लिलाव होतो आणि आपणच आणलेलं आपणच दुप्पट भावानं घरी नेतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, घरात फारसं बोलत नाही. त्या दिवशी मात्र मी मोकळा सुटायचो. भोपळा उचलून म्हणायचो, हा बघा, आपल्या खजिनदारांच्या पोटाला भेटायला मुलूख सोडून आलेला भाऊ. लोक हसायचे. मला ते आवडायचं.

ह्या वर्षी मी लिलाव केला नाही. एका सणाच्या आदल्या दिवशी चर्चमधल्या टोपलीतून मी एक सुरा काढून घेतला होता. तो माझ्या मुलानं तिथं ठेवला होता, म्हणून काढून घेतला होता. एवढं सरळ लिहायला मला काही वर्षं लागली.

नांदेडात आमचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडं आहे आणि चर्च तिथून चालत जाण्याइतकं जवळ. चर्चच्या आवारात व्हॉलिबॉलचं नेट आहे. संध्याकाळी गल्लीतली सगळीच पोरं तिथं जमतात, आमची आणि दुसऱ्यांचीही. त्या वर्षी पोरांना हत्यारांचं वेड लागलं होतं. खेळायला आलेल्या पोरांच्या मोबाइलवर बघावं तर कुणी कोयत्यानं केक कापतोय, कुणी खंजर दातात धरून उभा आहे, मागं मोठ्या आवाजात गाणं. आम्ही मोठे लोक ते बघून मान हलवायचो आणि तरुण संघाच्या सभेत मोबाइलचे दुष्परिणाम ह्या विषयावर बोलायला कुणालातरी बोलवायचो. पोरं मागच्या रांगेत बसून मोबाइल बघत ते ऐकायची.

मग एका संध्याकाळी व्हॉलिबॉल संपल्यावर चर्चच्या मागच्या भिंतीपाशी आमच्या ढोलकीवाल्या पोराच्या दंडात कुणीतरी सुरा खुपसला. त्याला वडील नव्हते. आई रेल्वे क्वार्टर्समधल्या घरांत स्वयंपाकाला जायची. पोरगा अकरावीला होता आणि लहानपणापासून आमच्या भजनांना ढोलकी वाजवायचा. त्याच्या ढोलकीवर आमच्यासारख्या बेसुरांचंही निभून जायचं. त्याचं ओरडणं ऐकून नेटपाशी उरलेली पोरं पळाली. पोलिसांना त्यानं सांगितलं, वार मागून झाला, मी कुणाला पाहिलं नाही. जखम खोल होती. डॉक्टरांनी टाके घालून सांगितलं की नस दुखावली आहे, डाव्या हाताची दोन बोटं कदाचित वळणार नाहीत.

त्या संध्याकाळी माझा मुलगा घरी आला आणि मोरीत जाऊन स्वतःचा शर्ट स्वतः धुवायला बसला. तोही अकरावीला. ढोलकीवाल्याचा बालमित्र. माझी बायको हसून म्हणाली, आज सूर्य कुठून उगवलाय. मी वर्तमानपत्रातून डोकं काढलं, त्याच्या पाठीकडं बघितलं आणि परत वाचायला लागलो. मी काही विचारलं नाही. न विचारणं हा माझा स्वभाव आहे असं मी लोकांना सांगत आलो. आता वाटतं, ती माझी सोय होती.

मंडळीच्या पंचांची बैठक झाली, मीही त्यांतला एक. कुणी म्हणालं उपास-प्रार्थना ठेवू, कुणी म्हणालं आवाराला कुलूप लावू, बाहेरची पोरं येतात म्हणून हे होतं. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयानं तरुण होते, हिमायतनगरकडच्या खेड्यातले, बोलायला संथ. ते सगळ्यांचं ऐकून म्हणाले, कुलूप नको, टोपली ठेवू. हंगामाचा सण पुढच्या रविवारी आहे. ज्याच्याकडं जे आहे ते त्यानं आणून ठेवावं. आपण ज्वारी-तूर आणतो, तसं पोरांनी हेही आणावं. वेदीमागच्या खोलीत टोपली राहील, वर कापड असेल. कोण आलं, काय ठेवलं, कुणी बघणार नाही, कुणी विचारणार नाही. रविवारी ती टोपली बाकीच्या पिकासोबत मेजापुढं मांडू, आणि मग त्याचं काय करायचं ते आपण सगळे मिळून ठरवू.

मी विरोध केला. म्हणालो, पोलिसांना कळलं तर आपणच आत जाऊ. पाळक म्हणाले, जाऊ की. त्यांच्या त्या बोलण्यावर मला राग आला होता, कारण त्यांना लेकरंबाळं नव्हती अजून. पण सगळ्यांनी मान डोलावली. खोलीची चावी माझ्याकडं असायची, म्हणून सकाळी शाळेत जाताना खोली उघडायची आणि दिवे लागायच्या वेळी लावायची, हे काम माझ्यावर आलं. पाळकांनी तरुण संघासमोर मला उभं केलं आणि पोरांना म्हणाले, सरांना विचारा, ते आत जाणार का. मी म्हणालो, "मी आत पाऊल ठेवणार नाही. बाहेरूनच कडी लावीन. माझा शब्द आहे."

पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यातल्या बऱ्याच जणांना मी शिकवलेलं होतं आणि वर्गात मी कधी खोटं बोललो नव्हतो.

प्रभुभोजनाच्या मेजावरचं जुनं पांढरं कापड पाळकांनी टोपलीवर टाकलं. आठवडाभर मी कडी उघडत आणि लावत राहिलो. दार लावताना आत नजर जाऊ नये म्हणून मान वळवायचो. शनिवारी मात्र मी आत गेलो.

ह्याला मी पुष्कळ दिवस वेगवेगळी कारणं दिली. खिडकी वाऱ्यानं आपटत होती. मांजर शिरलं असेल. खरं कारण घाणेरडं आहे. मला बघायचं होतं की कुणाकुणाची पोरं बिघडली आहेत. खजिनदाराच्या पोराचं काय असेल, समोरच्या गल्लीतल्या दुकानदाराच्या पोराचं काय असेल. मंडळीत नेहमी छाती काढून बसणाऱ्या एखाद्याची लाज मला तिथं सापडेल अशी आशा होती. कापड उचलताना मला थोडी मजासुद्धा वाटत होती. हे मी अजून देवालाही नीट सांगितलेलं नाही.

आत बरंच काही होतं. बोटांत घालायचा लोखंडी फायटर, सायकलची साखळी, एक गंजलेला कोयता, चाकू. आणि मधे एक सुरा, मुठीला हिरवी ग्रिप गुंडाळलेला. ती बॅटची ग्रिप होती. आदल्या उन्हाळ्यात मी मुलाच्या बॅटला ती स्वतः चढवली होती. लांब झाली म्हणून खालचा तुकडा ब्लेडनं कापला होता आणि माझ्या हातून तो वाकडा कापला गेला होता. तीच वाकडी कड माझ्यासमोर होती.

मोरीतला शर्ट तेव्हा मला दिसला.

मी फार वेळ विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी लगेच डब्याची पिशवी उघडली, सुरा डब्याखाली घातला आणि कापड होतं तसं सारखं केलं. कडी लावली. स्कूटर गोदावरीच्या पुलावर नेली. आमच्या पुलावरून लोक नेहमीच देवघरातली सुकलेली फुलं कागदात बांधून नदीत सोडतात. मी सुरा वर्तमानपत्रात गुंडाळला होता. तो सोडला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थानं, फुलंच असतील असं समजून, माझ्यासोबत हात जोडले. मीही जोडले.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी ती टोपली स्वतः उचलून आणली आणि भोपळे, ऊस, ज्वारीच्या कणसांच्या मधे ठेवून कापड काढलं. चर्चमध्ये एकदम शांत झालं. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. ढोलकीवाला पहिल्या रांगेत आईशेजारी हात गळ्यात बांधून बसला होता. तो उठला, मेजापाशी आला आणि वाकून टोपलीत बघायला लागला. बराच वेळ बघत होता. चांगल्या हातानं त्यानं साखळी बाजूला केली, कोयता बाजूला केला. मग मागं वळून त्यानं माझ्या मुलाकडं बघितलं. माझ्या मुलानं मान उंचावून टोपलीत बघितलं आणि मग माझ्याकडं.

मला वाटलं, हे सगळं फक्त मलाच दिसलं. म्हणून मी उठलो आणि लिलाव सुरू केला. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा चांगला लिलाव केला. खजिनदाराच्या पोटावर नवीन विनोद केला आणि लोकांना इतक्या वेळच्या शांततेनंतर हसायचंच होतं, ते खूप हसले.

घरी आल्यावर संध्याकाळी मुलगा माझ्या खुर्चीपाशी आला. म्हणाला, "पप्पा, तुम्ही आत गेला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

तो म्हणाला, "बरं." आणि गेला.

पुढच्या महिन्यात मी त्याला लातूरला माझ्या बहिणीकडं पाठवलं. सगळ्यांची पोरं बारावीच्या तयारीसाठी लातूरला जातात, कोचिंगला जातात, त्यात कुणाला काही वेगळं दिसलं नाही. मुलानं एका शब्दानंही वाद घातला नाही. एसटीच्या खिडकीत बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि मी काहीतरी बोलेन म्हणून थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला पाण्याची बाटली घेतलीस का ते विचारलं.

इकडं मी एक नवीन नेम सुरू केला. दर आठवड्याला ढोलकीवाल्याच्या घरी प्रार्थनेला जायचो. त्याची आई प्लास्टिकची खुर्ची पुसून द्यायची, कामावरून दमून आलेली असली तरी चहा टाकायची. मी पोराच्या हातासाठी प्रार्थना करायचो. आणि मग ज्यानं वार केला त्या अनोळखी मुलासाठीही करायचो. म्हणायचो, प्रभू, तो जिथं असेल तिथं त्याचं मन पालट. लोक म्हणत, सरांचं काळीज मोठं. पाळकांनी एकदा उपदेशात माझं उदाहरण दिलं, पंचांनी असं असावं म्हणून.

ढोलकी दुसऱ्या एकाकडं गेली. तो बरी वाजवायचा. पण टाळ्यांची आणि त्याची गाठ पडायची नाही.

पुढच्या हंगामाला पाळकांनी पुन्हा टोपली ठेवली. रविवारी कापड काढलं तेव्हा आत घरची विळी होती आणि तिच्यावर एक कांदा खोचलेला. मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. पाळकही हसले, म्हणाले, चला, कुणीतरी भाजीची तरी सोय केली. पण नंतर मेजापाशी आम्ही दोघंच असताना ते मला म्हणाले, सर, पोरांना कुणीतरी आत गेल्याचा संशय आलाय. मी म्हणालो, कोण जाणार. ते माझ्याकडं बघत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत वाढदिवसाच्या भांडणात एका पोरावर कोयता चालला आणि ते पोरगं गेलं. तो कोयता टोपलीत आला असता असं मी म्हणू शकत नाही. आला नसता असंही नाही. पाळकांची बदली झाली. निरोपाच्या सभेत भाषण मीच केलं.

आणि ह्या सगळ्या काळात प्रभुभोजनाचं ताट रांगेत फिरवणाऱ्या पंचांत मी होतो. मनात पाप लपवून ती भाकर घेऊ नये असं आम्ही लहानपणापासून शिकतो. मी घेत होतो, देत होतो.

बहिणीचा फोन आला तो ह्याच भाकरीवरून. मुलाची बारावी झाली होती, मार्क जेमतेम पडले होते आणि तो लातूरच्या एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर लागला होता. नांदेडला यायचं टाळत होता. बहीण म्हणाली, तुझं पोरगं चर्चला येतं, भजनं म्हणतं, पण प्रभुभोजन सुरू झालं की उठून बाहेर जातं. आधी वाटलं पोटाचं काही असेल. प्रत्येक वेळी कसं असेल. मी विचारलंय त्याला. तू ये.

मी गेलो. बहिणीचं घर मिलच्या मागच्या गल्लीत आहे. डाळीच्या सालीचा बारीक पिवळा धुरळा तिथं खिडकीच्या गजांवर कायम असतो. ती माझ्यापेक्षा लहान आहे, पण नवरा गेल्यापासून तिच्या बोलण्याला धार आली आहे. मुलगा मिलवर होता. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसून मुलानं सांगितलेलं सगळं सांगितलं.

भांडण साधं होतं. माझ्या मुलानं सुरा ऑनलाइन मागवला होता, हातात धरून मोबाइलवर फोटो टाकला होता. त्याच्याखाली ढोलकीवाल्यानं लिहिलं होतं, मास्तरचं लेकरू, भेंडी चीर आधी. सगळी पोरं हसली. दोन दिवस हसत राहिली. व्हॉलिबॉलनंतर मागच्या भिंतीपाशी दोघांचीच धक्काबुक्की झाली, सुरा निघाला आणि दंडात गेला. इतकंच. वार मागून झाला नव्हता, समोरून झाला होता. ढोलकीवाल्यानं चांगलं बघितलं होतं आणि पोलिसांना सांगितलं नव्हतं.

तरुण संघाची पोरं दवाखान्यात फळं घेऊन गेली, त्यांत माझा मुलगाही गेला. बाकीची चहाला बाहेर गेली तेव्हा ढोलकीवाला त्याला म्हणाला, रविवारी टोपलीत तुझा सुरा मला दिसला पाहिजे. दिसला की मिटलं, मी कुणाला सांगत न्हाई. माझ्या मुलानं शुक्रवारी जाऊन तो ठेवला. त्या दोघांनी, अकरावीच्या दोन पोरांनी, आम्ही बैठकांत जे शोधत होतो ते आपसात ठरवून टाकलं होतं.

"मग सांगायचं ना त्यानं," मी बहिणीला म्हणालो. "ठेवला होता, कुणीतरी काढला, असं सांगायचं."

"कुणी काढला म्हणून सांगायचं?" ती म्हणाली. "चावी कुणाकडं होती?"

ती उठून आत गेली, परत आली. तिचे डोळे कोरडे होते.

"दादा, तू त्याला वाचवलंस असं तुला वाटून राहिलंय. न्हाई. इतकी वर्षं तो तुला वाचवून राहिलाय."

संध्याकाळी मुलगा मिलवरून आला. केसांवर, भुवयांवर धुरळा. मला बघून त्यानं पायातले बूट काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मी त्याला म्हणालो, मी आत गेलो होतो. तो म्हणाला, मला माहिताय. मी म्हणालो, मी ढोलकीवाल्याला आणि त्याच्या आईला सगळं सांगतो. तो म्हणाला, "माझ्यासाठी नका सांगू, पप्पा. माझं मी बघून घेईन, पोलिसांत जायचं तर तेही जाईन. तुम्हाला सांगायचं असलं तर सांगा."

त्यानं चेहरा धुतला आणि माझ्या ताटात आधी वाढलं.

नांदेडला परतल्यावर बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, शर्टाचं मला त्याच दिवशी कळलं होतं हो, मी तुम्ही विचारायची वाट बघत होते. आमचं घर असंच आहे. प्रत्येक जण दुसऱ्यानं विचारायची वाट बघतो.

मग मी ढोलकीवाल्याच्या घरी गेलो. आई दारात बसून मेथी निवडत होती. तिनं उठून खुर्ची पुसली. मी म्हणालो, आज बसत नाही. उभ्यानंच सांगितलं, शर्टापासून पुलापर्यंत. ती मेथी निवडत राहिली. माझं संपल्यावर तिनं काड्या एका बाजूला सारल्या.

"सर, तुम्ही ह्याच खुर्चीवर बसून मारणाऱ्यासाठी प्रार्थना करत होता," ती म्हणाली. "मी आमेन म्हणायची. लई मनापासून म्हणायची. मला वाटायचं, माझ्याच्यानं होत न्हाई ते सर माझ्यासाठी करून राहिले."

मी म्हणालो, मला माफ करा. तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. पोलिसांचं काय करायचं ते माझं पोरगं ठरवील, एवढंच ती म्हणाली आणि आत जाऊन चूल बघायला लागली. त्या दिवशी चहा झाला नाही. माझा नेम मोडला म्हणून मला त्या क्षणीही वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तिचा मुलगा तेवढ्यात आला. आता तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, बारीक स्क्रू उजव्या हातानं काढतो, डावा हात फक्त धरून ठेवायला. आईनं आतूनच त्याला सांगितलं, सर काहीतरी म्हणून राहिले, ऐक. मी पुन्हा सगळं सांगितलं. मी रागाची तयारी केली होती. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे त्यानं ठेवला होता?"

"ठेवला होता," मी म्हणालो. "शुक्रवारी."

तो उंबऱ्यावर खाली बसला. चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "मला वाटलं, त्यानं मला फशिवलं. लातूरला पळाला." मग वर बघून म्हणाला, "सर, हे मला एकट्याला सांगून भागत न्हाई. टोपली सगळ्यांसमोर होती."

नवीन पाळकांना मी विचारलं तेव्हा ते चुळबुळले. म्हणाले, सर, सणाच्या दिवशी नको, लोक आनंदानं येतात, पंचांच्या बैठकीत सांगा, आम्ही प्रार्थना करू. मी म्हणालो, बैठकीतच तर आमचं सगळं मुरतं. शेवटी ते म्हणाले, लिलावाच्या वेळेत सांगा, थोडक्यात.

ह्या वर्षीच्या सणाला भोपळे चांगले आले होते. मी मेजापुढं उभा राहिलो तेव्हा लोकांनी सवयीनं हसायची तयारी केली. खजिनदारांनी पोटावर हात ठेवला. मी म्हणालो, आज लिलाव दुसरं कुणीतरी करेल, मला एक सांगायचंय. टोपलीचं सांगितलं. शब्द दिल्याचं, कापड उचलताना कुणाची पोरं असतील ह्याची मजा वाटल्याचं, सुऱ्याचं, पुलाचं, खुर्चीवरच्या प्रार्थनांचं. मुलाबद्दल मी फक्त एवढंच म्हणालो की त्यानं जे ठेवायला हवं होतं ते ठेवलं होतं, बाकी तो स्वतः सांगेल. कोंबडी कुरकुरत होती. कुणीतरी तिला उचलून बाहेर नेलं. ढोलकीवाल्याची आई माझं संपायच्या आधी उठली आणि बाजूच्या दारानं निघून गेली. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं, ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, हे घरात सांगायचं असतं असं म्हटलं. नवीन पाळकांनी भजनाचा क्रमांक सांगितला. लोक उभे राहिले.

भजन चालू असताना ढोलकीवाला पुढं आला. मला वाटलं, तो काही बोलेल. तो म्हणाला, "खोलीची चावी."

चावी माझ्या खिशातच होती. इतकी वर्षं ती परत द्यावी असं मला सुचलं नव्हतं. मी ती काढली आणि त्याच्या पुढं आलेल्या हातावर ठेवली. तो डावा हात होता. त्याची दोन बोटं वळली नाहीत आणि चावी मधून सटकून खाली फरशीवर पडली. मी वाकलो.

"राहू द्या," तो म्हणाला. त्यानं स्वतः वाकून उजव्या हातानं ती उचलली, वेदीमागं गेला आणि रिकामी टोपली बाहेर आणून पायरीवर ठेवली. कापड घातलं नाही.

माझा मुलगा सकाळच्या एसटीनं लातूरहून आला होता. मला सांगितलं नव्हतं. उपासना संपल्यावर तो मागच्या खांबाजवळ उभा दिसला, धुतलेला पांढरा शर्ट, हातात पिशवी. ढोलकीवाला त्याच्या दिशेनं गेला. दोघं मागच्या दारानं बाहेर पडले, चर्चच्या मागच्या भिंतीकडं.

मी सतरंज्या गोळा करायला लागलो. खाली कणसांचा भुसा, उसाची पानं पडली होती. ज्या खिडकीतून ती भिंत दिसते तिच्याखालची सतरंजी मी शेवटासाठी राखून ठेवली. मग तीही उचलावी लागली. ती मी खाली मान घालून, खिडकीकडं पाठ करून गुंडाळली. बाहेर ते काय बोलत होते मला ऐकू आलं नाही, आणि ह्या वेळी मी बघितलं नाही.